किती दिवस आहेस?

एका जंगलात, म्हणजे ज्या जंगलातून प्रत्येकाला बाहेर जायचं असतं अशा एका जंगलात, मार्तंड नावाचा मुंगूस राहत होता. साप पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता मुलांनो, इतक्या हुशार मुंगसाने आपल्याच जंगलातले साप पकडावेत, हे बरं दिसतं का? नाही दिसत. शाब्बास.

म्हणून मार्तंड समुद्रापलीकडच्या थंड जंगलात नोकरीला गेला. निघताना आई खूप रडली. शेजारचे साळिंदरकाका निरोप द्यायला आले आणि म्हणाले, "पोचलास की आमच्या पुतण्याचंही बघ."

थंड जंगलात बाहेरून आलेले आणखी दोघं होते. एक राजहंस. त्याला तिथली हवा मानवली होती, म्हणून तो आला होता. दुसरं एक वानर. ते कुठल्याही फांदीवर बसून लॅपटॉप बडवायचं आणि म्हणायचं, "सगळं जग हेच माझं घर." फळं संपली की ते फांदी बदलायचं.

तिघंही बाहेरचेच. पण राजहंसाला तिथले प्राणी 'आमचे पाहुणे' म्हणत. वानराला 'मनस्वी' म्हणत. आणि मार्तंडाला 'हे लोक' म्हणत. तो एकटाच होता, तरीही.

मार्तंडाच्या शेजारी एक अस्वलीणबाई राहायच्या. मनाने अगदी चांगल्या. त्या रोज त्याच्याशी बोलत.

"किती छान बोलता हो तुम्ही आमची भाषा! मग, परत कधी जाणार?"

यात वाईट काहीच नव्हतं. फक्त ते रोज होतं. मार्तंड हसून म्हणे, "पुढच्या हिवाळ्यात." राजहंसाला कोणी असं विचारत नसे. वानराला तर उलट 'राहा की अजून' म्हणत. मार्तंड हसून घरी येई, दार लावी, आणि मग त्याला फार एकटं वाटे.

दर रविवारी तो आईला फोन करी. हो, जंगलात फोन होता. मध्ये बोलू नका.

"मार्त्या, कधी येतोस रे?" आई विचारी.

"पुढच्या हिवाळ्यात, आई."

असे कित्येक हिवाळे गेले. सुरुवातीला तो चार दिवस घरी जाऊनही येई, पुढे तेही राहून गेलं. मधल्या काळात राजहंस 'तुमच्याकडे ऊन छान असतं म्हणे' असं म्हणून उडून गेला. वानरही एकदा दिसेनासं झालं. अस्वलीणबाईंचा प्रश्न तेवढा जागचा हलला नाही.

मग एका रविवारी आई म्हणाली, "तुझी खोली अजून रोज झाडते हो मी."

मार्तंडाने नोकरी सोडली, गाशा गुंडाळला आणि तो कायमचा घरी आला.

काय स्वागत झालं म्हणून सांगू! आईने दृष्ट काढली. धाकट्या भावाने, गजूने, सगळ्यांना अंड्यांचे लाडू वाटले. साळिंदरकाका काटे चापूनचोपून बसवून भेटायला आले.

"कधी आलास?"

"काल."

"किती दिवस आहेस?"

"आता इथेच, काका. कायमचा."

काकांचा लाडू तोंडापाशीच थांबला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिकडे काही झालं का रे?"

संध्याकाळपर्यंत जंगलात तीन बातम्या पसरल्या. मार्तंडाला कामावरून काढलं. मार्तंडाला साप चावला. मार्तंड सापाबरोबर राहत होता. तिसरी बातमी सगळ्यांना जास्त आवडली.

खोलीचं म्हणाल, तर आई ती खरंच रोज झाडत होती. कारण तिथे तोच राजहंस राहत होता. त्याला येऊन बरीच वर्षं झाली होती. जंगलातल्या भाषेतला 'नमस्कार' एवढा एकच शब्द त्याला येई, आणि तो ऐकून सगळ्यांचे डोळे भरून येत.

"हे किती दिवस आहेत?" मार्तंडाने विचारलं.

"शी! असं विचारू नये," आई म्हणाली. "एवढं चांगलं जंगल सोडून ते आपल्यात राहिले, केवढा मोठेपणा!"

मार्तंडाने बाहेरच्या बिळात पथारी पसरली. चार दिवसांनी गजू त्याच्यापाशी येऊन घुटमळला.

"दादा, माझ्या सोनीचं लग्न जमत आलंय. मुलाकडच्यांना सांगितलंय, मुलीचे काका बाहेर असतात. तू तसा... म्हणजे निदान लग्न होईपर्यंत..."

मार्तंड उठून आईकडे गेला. आई दाराशी बसली होती. त्याला वाटलं, ही तरी म्हणेल, आलास, बरं झालं.

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मार्त्या, तू जाणार कधी रे?"

"आई, तूसुद्धा?"

"अरे, आजवर तू आलास की मला जायचा दिवस ठाऊक असायचा. त्या दिवसापर्यंत तुझं सगळं आवडीचं करायचं आणि मग रडायचं, एवढंच मला येतं. तू इथेच राहिलास तर तुझं काय करायचं, ते मला समजत नाही रे."

ती खरं तेच सांगत होती, हेच वाईट होतं.

"पुढच्या महिन्यात जाईन," मार्तंड म्हणाला.

काय सांगू, घर एकदम उजळलं! आई लाडू वळायला बसली. गजूने त्याला मिठी मारली. साळिंदरकाका पुतण्यासाठी लोणच्याची बरणी घेऊन आले. राजहंससुद्धा 'नमस्कार' म्हणाला.

मार्तंड थंड जंगलात परतला. अस्वलीणबाई दारातच होत्या.

"आलात का? छान! मग, परत कधी जाणार?"

"पुढच्या हिवाळ्यात," मार्तंड म्हणाला आणि आत जाऊन त्याने घरी फोन लावला.

"मार्त्या," पलीकडून आईचा कापरा आवाज आला, "कधी येतोस रे?"

आणि मुलांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मार्तंडाला घरी आल्यासारखं वाटलं. मग तो पुष्कळ वेळ रडला.

तात्पर्य : जिथे कोणीतरी आपली वाट पाहतं, ते आपलं घर. म्हणून शहाण्याने तिथे कायमचं पोचू नये.