दातांचे डॉक्टर आणि टोमॅटोची अळी

बुधवारी सकाळी दातांचे डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या गॅलरीत गेले आणि त्यांच्या तोंडून असा एक शब्द निघाला, जो सभ्य माणसं फक्त गाडी घासली गेल्यावर वापरतात. पिकायला आलेल्या तीन टोमॅटोंना भोकं पडली होती. गोल, स्वच्छ, ड्रिल चालवल्यासारखी.

पाच कुंड्यांतली ती झाडं म्हणजे डॉक्टरांची अब्रू होती. त्यांचे सासरे कॉलेजात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी ते जावयाकडे पानामागे चिकटलेलं काहीतरी बघावं तसे बघत. गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी फोनवर फुशारकी मारली होती, "एका फळाला डाग नाही, बाबा!"

"शनिवारी येतो बघायला," सासरे म्हणाले होते.

डॉक्टरांनी घाईघाईत हाताला लागलं ते औषध झाडांवर मारलं. हाताला लागलं ते चूळ भरायचं औषध. गुरुवारी सकाळी गॅलरीत पुदिन्याचा घमघमाट सुटला होता आणि भोकं पडलेली फळं तिनाची सात झाली होती.

"जे कोण खातंय ना, ते आता चूळ भरून खातंय," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांनी डॉक्टरांची भीड कधी बाळगली नव्हती.

त्या दुपारी खुर्चीत कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला आणि "बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील, पडून राहा," असं सांगून ते गॅलरीत सटकले. जाताना बेकरीवाल्याचा एक्स-रे त्यांच्या हातातच राहिला. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून, चिमटा घेऊन त्यांनी एकेक झाड तपासायला घेतलं. पाचव्या कुंडीत एक हिरवी अळी टोमॅटोत अर्धं अंग खुपसून निवांत जेवत होती.

"सापडली अळी!" डॉक्टर ओरडले. "बाई, लवकर या! केवढी हिरवीगार आहे बघा! आतून सगळं पोखरलंय हो!"

"अगंबाई! वळवळतेय की!"

"अर्धी आत आहे. ओढली तर तुटेल. याचं काही खरं नाही आता, काढूनच टाकतो. शेजारचे दोन पण गेले!"

गॅलरीच्या पडद्याअलीकडे, खुर्चीत बेकरीवाल्याला घाम फुटला. आपला एक्स-रे घेऊन डॉक्टर आत गेलेत, एवढंच त्याला माहीत होतं. एक्स-रेमध्ये अळी वळवळते का, असला विचार करण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. गळ्यातल्या फडक्यासकट तो उठला आणि बाहेर बसलेल्या लोकांच्या पायांत अडखळत दाराकडे धावला.

"अई!" बधिर जिभेने तो ओरडला. "अई आहे! इअवी!"

"आई? कुणाची आई?" बाकावरच्या आजींनी विचारलं.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात बोटाएवढी, हिरवी, जिवंत अळी.

"हा पळाला कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे अळीकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत पसरलं की दातांच्या डॉक्टरांनी बेकरीवाल्याच्या दाढेतून अळी काढली. बेकरीवाल्यानेही ते नाकारलं नाही. इंजेक्शनमुळे त्याची दाढ तेव्हा खरोखरच दुखत नव्हती. शुक्रवारी दवाखान्यासमोर रांग लागली.

"अहो, ती टोमॅटोतली अळी होती!" डॉक्टर घसा फोडून सांगत होते.

"असू दे, असू दे," आजी डोळा बारीक करून म्हणाल्या. "पेशंटचं गुपित फोडायचं नसतं, कळतं मला. माझीपण काढा. डावीकडे आहे. जेवताना हलते."

डॉक्टरांनी दिवसभर तोंडंच तोंडं तपासली. गॅलरीकडे फिरकायला सवड झाली नाही, आणि उरलेल्या अळ्यांनी त्या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला.

शनिवारी सासरे आले. गच्च भरलेला दवाखाना ओलांडून ते थेट गॅलरीत गेले. एक पान चुरगळून त्यांनी नाकाशी धरलं.

"पुदिना?"

"चूळ भरायचं औषध, बाबा," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

"जावईबापू, आता चूळ भरून झाली, भोकांत चांदी कधी भरणार?" सासऱ्यांनी विचारलं. मग डॉक्टरांनी ज्या बाटलीत ती अळी ठेवली होती, ती त्यांनी उचलली. "चला, आधी बाहेरचा गोंधळ निस्तरू."

बाहेर येऊन त्यांनी बाटली उंच धरली. "ही फळ पोखरणारी अळी. ती दातात राहत नाही. पतंग पानांवर अंडी घालतो, त्यातून ही निघते आणि फळात शिरते. सकाळ-संध्याकाळ झाड तपासायचं, अळ्या हाताने वेचायच्या, भोक पडलेली फळं लगेच तोडून लांब टाकायची आणि निंबोळी अर्क पानांच्या दोन्ही बाजूंना फवारायचा. समजलं?"

डॉक्टरांना वाटलं, सुटलो.

"मग माझ्या मिरचीची पानं का हो आकसतात?" आजींनी विचारलं.

"वरच्या बाजूला की खालच्या?" सासरे झटकन वळले. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे कान लाल झाले.

"आमच्या वांग्याचे शेंडे माना टाकतात," मागून आवाज आला. बेकरीवाला घरी धावत जाऊन भोपळ्याचं पान घेऊन आला. बाईंनी सासऱ्यांना स्वतःची खुर्ची दिली. दुपारपर्यंत आतल्या खुर्चीत एकही माणूस बसला नाही. डॉक्टर हातमोजे घालून दारात उभे राहिले आणि नंतर त्यांनी हातमोजे काढले.

सासऱ्यांचं रविवारचं परतीचं तिकीट होतं. ते त्यांनी रद्द केलं.

सोमवारी सकाळी डॉक्टर दवाखान्यात आले, तेव्हा लोक मांडीवर कुंड्या घेऊन बसले होते. बाई फोनवर बोलत होत्या.

"मोठ्या डॉक्टरांची वेळ थेट गुरुवारची मिळेल. पानं ओल्या कपड्यात गुंडाळून आणा... काय? दाढ दुखतेय? मग आत्ता या की. त्या डॉक्टरांकडे कुणीच नाहीये."