कमोडमधला चहा

लग्न झाल्यावर मी एकच गोष्ट ठरवली होती: या घरात आपण होऊन वाद काढायचा नाही. ठरवताना हे अगदी किरकोळ वाटलं होतं. (त्यात नवऱ्याच्या दोन्ही किडन्या जाऊ शकतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.)

नवरा आठवडाभर बँकेत खुर्चीला चिकटून असतो आणि सुट्टीत त्याची भरपाई म्हणून धावतो. त्या रविवारची डोंगरातली शर्यत पहाटे सुरू झाली ती अंधार पडल्यावर संपली. घरी आला तेव्हा गळ्यात पदक होतं, पायाची नखं काळी पडलेली, आणि जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरलेला.

"पाणी नीट प्यायलास का?" मी विचारलं.

"पाणी प्यायलं की सारखं थांबावं लागतं. दुखण्यावर गोळ्या घेत होतो ना. मस्त पळालो!"

गोळ्या अजूनही खिशात पेपरमिंटसारख्या खुळखुळत होत्या. मी वाद काढला नाही.

सकाळी बाथरूममधून सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई, कमोडमध्ये चहा कुणी ओतला गं?"

जाऊन पाहिलं. बिनदुधाचा, चांगला उकळून काळा झालेला चहा. आणि नवरा नुकताच तिथून भिंत धरत बाहेर पडलेला, फ्लश करायचंही त्राण नसलेला. आता हे सासूला कोणत्या शब्दांत सांगायचं? आमच्याकडे लघवीला 'जाऊन येतो' एवढंच म्हणतात. (कुठं, ते विचारायचं नसतं.)

"मीच ओतला, आई."

"इतका बिघडला होता?"

"हो."

त्यांनी फ्लश केला. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा चेहरा सुजला, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि 'जाऊन येतो' बंदच पडलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचले. "अतिश्रमानं स्नायू फाटलेत, त्यांचा गाळ किडनीत अडकलाय. पाणी कमी, वर त्या गोळ्या. लघवीचा रंग कधी बदलला?"

"छे, रंग कशाला बदलेल?" सासूबाई म्हणाल्या.

"काल सकाळी," मी म्हणाले. "तो चहा नव्हता, आई."

"अगं, मग तू ओतला म्हणालीस तो?"

"कालच आणलं असतंत तर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच ठेवून डायलिसिसच्या कागदावर माझी सही घेतली.

त्याचं रक्त मानेतल्या नळीतून यंत्रात जायचं आणि परत यायचं. आम्ही दोघी शेजारी बसून खाटेला टांगलेल्या रिकाम्या पिशवीकडे बघत राहायचो. जिचं नाव घ्यायला लाजलो, तिच्याच थेंबाची वाट बघत. एका दुपारी पिशवीत जरासं पिवळं उतरलं, तेव्हा सासूबाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "लघवी झाली!" आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या.

नवरा घरी आलाय. किडन्या पूर्ण सावरतील का, हे डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगतात, "सुनेनं तोंड उघडलं म्हणून पोरगा हाती लागला."

मी लाजून स्वयंपाकघराकडे निघते, तर हात धरून खाली बसवतात.

"तू बस गं. चहा मीच करते."