दबून बसलेली स्प्रिंग

इकुयोसानच्या पत्राला कुझुमी मास्तरांनी उत्तर लिहिले नव्हते. पत्र आले तेव्हा घरामागच्या खाचरांत भाताची लावणी चालली होती. आता भात कापून बांबूंवर वाळत घातला होता, आणि पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात जिथे ठेवले होते तिथेच होते.

पत्रातला मजकूर तसा अवघड नव्हता. शाळेच्या ग्रंथालयात इकुयोसान आणि मास्तर अर्धे आयुष्य समोरासमोरच्या टेबलांवर बसले होते. नवरा गेल्यावर ती डोंगरापलीकडे, माहेरच्या सफरचंदाच्या बागेत राहायला गेली. तिने लिहिले होते, 'घर मोठे आहे. पूर्वेकडची खोली रिकामी आहे. तुमची सगळी पुस्तके मावतील, मी अंदाज घेतला आहे. तुम्ही एकटे, मी एकटी. येऊन राहाल का? पहिला बर्फ पडायच्या आत कळवा. त्यानंतर ती खोली बागेतल्या माणसांना द्यावी लागेल.'

मास्तरांना जायचे होते. इतके जायचे होते, की त्याचीच भीती वाटायची. आपण तिथे गेलो, आणि महिन्याभरात तिला कळले की हा माणूस जेवताना बोलत नाही, चहाचा कप पुस्तकांवर ठेवतो आणि वटवाघळाला घाबरतो, तर? म्हणून त्यांनी एक सबब धरून ठेवली होती. गाडी. त्यांची छोटी पांढरी गाडी पुढच्या डाव्या चाकाशी ठकठक वाजत होती. अशा गाडीने खिंड कशी ओलांडणार? आधी गाडी दुरुस्त करू, मग लगेच लिहू.

गॅरेजवाल्याने वाकून चाकामागे पाहिले होते. "आजोबा, शॉकॅब्सॉर्बर पार गेलेत. पण आता या वयात कशाला खर्च करताय?"

तो गाडीच्या वयाबद्दल बोलत होता की आपल्या, हे विचारायचे धाडस मास्तरांना झाले नाही. ते वाकून आभार मानून निघून आले, आणि पुन्हा त्या माणसासमोर उभे राहावे लागू नये म्हणून त्यांनी दुरुस्तीचे पुस्तकच विकत घेतले. मग टपालाने नवे शॉकॅब्सॉर्बर मागवले आणि त्यांच्याभोवतीची स्प्रिंग दाबून धरायचे दोन लोखंडी शिकंजे भाड्याने आणले.

पुस्तक वाचण्यात मास्तरांचा हात कोणी धरला नसता. चाक काढायचे पान त्यांनी एकदा वाचले. स्प्रिंगचे पान मात्र इतक्यांदा वाचले की पुस्तक आपोआप तिथेच उघडू लागले. तिथे लाल चौकटीत छापले होते, 'दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद असते. तिच्या तोंडासमोर उभे राहू नये. दाबलेल्या स्थितीत तिला सोडून जाऊ नये.'

कामाच्या आदल्या दिवशी ते रिवाजाप्रमाणे शेजारच्या आणि समोरच्या घरी एकेक टॉवेल देऊन आले. "उद्या थोडी ठोकाठोक होईल. त्रासाबद्दल माफ करा."

"करा हो मास्तर, खुशाल करा," उजवीकडच्या ताकेनोबाई म्हणाल्या. "तुमच्या घरातून एकदा तरी आवाज येऊ दे. आम्हाला वाटतं तुम्ही गेलात की काय!"

दुसऱ्या दिवशी गाडी ठोकळ्यांवर चढली, चाक निघाले आणि स्प्रिंगसकट जुना शॉकॅब्सॉर्बर बाहेर आला. त्याबरोबर बोटाएवढा, वाकलेला, गंजका लोखंडी तुकडा खाली पडला. पुस्तकातल्या कुठल्याच आकृतीत तो नव्हता. मास्तरांनी तो धुतला आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवला. मग त्यांनी स्प्रिंगवर शिकंजे चढवून ते आवळायला घेतले. पुस्तकात म्हटले होते की हात भरून येतील. इथे पाना जरा फिरवला नाही तोच स्प्रिंगवरची लोखंडी टोपी सैल होऊन गरगर फिरायला लागली. दुसऱ्या एखाद्याला आनंद झाला असता. मास्तरांना ही स्प्रिंगची चाल वाटली.

त्यांनी टोपी काढली, जुना शॉकॅब्सॉर्बर ओढून काढला आणि नवा घालायला खोके उघडले. दुकानाने दोन्ही उजवेच पाठवले होते.

दुकानाची बाई फोनवर इतकी माफी मागत होती, की शेवटी मास्तरांनीच तिची माफी मागितली. डावा यायला आठवडा लागणार होता. फोन ठेवून ते वळले. ओसरीवर, शिकंज्यांच्या जबड्यांत, ती स्प्रिंग बसली होती. एक शिकंजा किंचित तिरका दिसत होता. की मघाशीही तिरकाच होता? सैल करायला जावे तर तोंडासमोर हात न्यावा लागणार. तशीच ठेवावी तर पुस्तकाची मनाई. मास्तर पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि थेट मिठाईच्या दुकानात पोचले.

कारण टॉवेल आवाजासाठी दिले होते. जिवाच्या धोक्याला टॉवेल कसा पुरणार?

ताकेनोबाईंनी दार उघडले आणि चेस्टनटच्या मिठाईचा सोनेरी कागदातला डबा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, हे काय?"

"काही नाही. ओसरीवर एक वस्तू आहे. ती बहुधा काही करणार नाही. पण तुम्ही कपडे वाळत घालताना जरा पलीकडच्या बाजूला... म्हणजे तुमच्या सोयीनं. माफ करा."

"वस्तू म्हणजे?"

"दाबलेली आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले आणि कमरेत वाकून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायकांनी हिशेब मांडला. मास्तरांसारखा माणूस ठोकाठोकीला टॉवेल देतो. समोरच्या घरात वर्षभर बांधकाम चालले तेव्हासुद्धा मालकाने साधी बिस्किटेच दिली होती. मग सोनेरी कागदातली मिठाई कशासाठी? तीसुद्धा मोठा डबा? ताकेनोबाईंनी कपडे घरात वाळत घातले. समोरच्यांनी मांजर आत घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष मोरिवाकी डोक्याला शिरस्त्राण आणि हातात कर्णा घेऊन आले. फाटकापासून ओसरी चार पावलांवर होती, पण ते कर्ण्यातूनच बोलले.

"मास्तर! ती कुठं आहे?"

"ही काय," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "जरा हळू बोला ना."

"का, आवाजानं उडते?"

"पुस्तकात तसं नाही. पण तसं नाही असंही नाही."

मोरिवाकी दोन पावले मागे सरकले. त्यांनी तिथूनच अग्निशमन दलाला, मग गॅरेजला फोन लावला आणि ऐकता ऐकता गंभीर होत गेले.

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारले.

"म्हणाला, दुसऱ्यानं दाबलेली स्प्रिंग मी सोडवत नाही, मला दोन मुलं आहेत. अग्निशमनवाले म्हणतात, आग लागली तर येऊ." त्यांनी कर्णा खाली केला. "मास्तर, इतकी वर्षं तुम्ही गल्लीत कुणाला धक्का लावला नाहीत. एकदम हे कुठून सुचलं तुम्हाला?"

मास्तरांना जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे झाले.

दुपारी मंडळाचा सूचनाफलक घरोघर फिरला. 'कुझुमी यांच्या अंगणाजवळून जाताना धावू नये.' मुले वळसा घालून शाळेला जाऊ लागली. मोरिवाकींनी ओसरीभोवती जाड दोरी बांधली आणि ती लांबून दिसावी म्हणून तिला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या. त्यामुळे झाले असे, की खालच्या गल्लीतली एक म्हातारी जाता जाता थांबली, देवाच्या जागेला बांधतात तशी पांढऱ्या पट्ट्यांची दोरी पाहून तिने दोनदा टाळ्या वाजवल्या, डोळे मिटून हात जोडले आणि कुंपणावर एक संत्रे ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी संत्री वाढली. तिसऱ्या दिवशी साकेची, तांदळाच्या दारूची, छोटी बाटलीही आली.

मास्तर मागच्या खोलीत गाद्यांच्या आड झोपत होते. वाऱ्याने दार वाजले तरी ते उठून बसत आणि कानोसा घेत. स्प्रिंग गप्प होती. तिचे हे गप्प बसणेच त्यांना सहन होत नव्हते, कारण गप्प बसणाऱ्याच्या आत काय चाललेले असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शनिवारी मोरिवाकी पुन्हा आले. या वेळी कर्णा नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होते.

"मास्तर, उद्या सुगीची पालखी."

"हो."

"देव दर वर्षी याच गल्लीतून जातो. माझ्या आजोबांच्या वेळी पूर आला होता, तेव्हाही कमरेइतक्या पाण्यातून इथूनच नेला होता. उद्या स्प्रिंगपायी देवाला वळसा घालायला लावायचा का? तुम्ही म्हणाल तसं करू. आमचं काही म्हणणं नाही."

आमचे काही म्हणणे नाही, हे ऐकल्यावर मास्तरांपुढे मरण्याशिवाय दुसरा मार्ग उरला नाही. "उद्या उजाडताच सोडवतो," ते म्हणाले.

रविवारी उजाडता उजाडता त्यांनी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि शब्दकोशाचा दुसरा खंड उघडला. इतके महिने पहिल्या ओळीवर अडलेले उत्तर आता सरळ लिहिले गेले. मेलेल्या माणसाला कसली लाज?

'इकुयोसान,' त्यांनी लिहिले, 'उत्तराला उशीर झाला. गाडीचे कारण मी स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे खिंडीतून बस जाते. तिचे वेळापत्रक मला लावणीच्या दिवसांपासून पाठ आहे. मला भीती गाडीची नव्हती. तुम्हाला मी जवळून आवडणार नाही, याची होती. मी जेवताना बोलत नाही. वटवाघळाला घाबरतो. पण मला यायचे आहे. ती खोली कोणाला देऊ नका.'

हे वाक्य मरणोन्मुख माणसाने लिहावे असे नव्हते, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. त्यांनी पाकीट चिकटवले, तिकीट लावले आणि कुंपणावरून ताकेनोबाईंना हाक मारली.

"ताकेनोसान, एक काम होतं. मला काही झालं, तर हे पेटीत टाकाल?"

ताकेनोबाईंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या कामाच्या बाई होत्या. "काही झालं म्हणजे नेमकं काय झाल्यावर?"

मास्तरांनी विचार केला. "मोठा आवाज आला तर."

"बरं. आवाज आला की टाकते. तुम्ही निर्धास्त असा."

मास्तरांनी अंगाभोवती गादी गुंडाळून पट्ट्याने बांधली. डोक्यावर भाताचे मोठे पातेले घातले. ओसरीवरची जाड चटई उभी करून तिच्या आड ते गुडघ्यांवर बसले आणि फक्त दोन हात बाहेर काढून डावा शिकंजा थोडा सैल केला. मग उजवा थोडा. दर वेळी पाना फिरवून ते हात चटईआड ओढून घेत. कुंपणापलीकडे मोरिवाकी श्वास रोखून उभे होते, आणि त्यांच्या मागे सगळी गल्ली.

पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

टिक् करून डावा शिकंजा गळून पडला.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. काही झाले नाही. थोड्या वेळाने उजवाही आडवा झाला. स्प्रिंग होती तेवढीच उंच, होती तिथेच, म्हाताऱ्यासारखी जराशी कलून उभी होती.

विश्वास बसेना म्हणून मास्तर चटईवरून वाकले. डोक्यावरचे पातेले निसटले आणि हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीवर आदळले.

ढण्ण!

कुंपणापलीकडे किंकाळी उठली. पाठोपाठ गल्लीतून चपलांचा फटफट आवाज लांब लांब जात गेला.

मास्तरांना तो नीट ऐकूही आला नाही. त्यांनी स्प्रिंग उचलली होती. तिचे खालचे टोक मोडलेले होते, आणि मोडलेल्या जागी जुना गंज होता. ते बिस्किटाचा डबा घेऊन आले. बोटाएवढा वाकलेला तुकडा त्या टोकाला असा बसला, जणू कधी तुटलाच नव्हता. ठकठक याचीच होती. स्प्रिंग कधीच मोडून गेली होती. इतके दिवस गल्लीने जिला वळसा घातला, जिच्यापुढे संत्री ठेवली, तिच्यात दाबण्यासारखे काही उरलेच नव्हते.

कुंपणावर हळूच शिरस्त्राण वर आले. "मास्तर," मोरिवाकींनी घोगऱ्या आवाजात विचारले, "तुमचं काही शिल्लक आहे का?"

"मी सगळा आहे. पातेलं पडलं फक्त. ताकेनोसान कुठे आहेत?"

"त्या पत्र टाकायला पळाल्या. म्हणाल्या, आधी शब्द दिलेलं काम, मग रुग्णवाहिका."

वटवाघूळ! त्यात वटवाघळाचे लिहिले होते! मास्तर होते तसे, गादी बांधलेलेच, फाटकातून धावत सुटले. गल्लीत धावू नये अशी सूचना होती, तरी धावले.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी टपालाची रविवारची गाडी उभी होती. टपालवाला पिशवी बांधत होता. शेजारी ताकेनोबाई धापा टाकत, डोळे पुसत उभ्या होत्या. मास्तरांना पाहून त्या जागच्या जागी दचकल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"अहो, तुम्ही जिवंत आहात? मग मी जिवाच्या आकांतानं टाकलं ते?"

"माफ करा," मास्तर म्हणाले.

"आजोबा, आज एवढी थंडी वाजतेय?" टपालवाल्याने गादीकडे पाहत विचारले. "काही हवं होतं का? नुकतं टाकलेलं पत्र परत पाहिजे असेल तर कचेरीत अर्ज द्यावा लागेल."

अर्ज. मास्तर अर्ज उत्तम लिहीत. त्यांनी तोंड उघडले. मुठीत काहीतरी टोचत होते. मूठ उघडून पाहिली, तर तो गंजका तुकडा होता.

"नको," ते म्हणाले. "अर्ज नको. फक्त ते... डोंगरापलीकडे कधी पोचेल?"

"उद्या-परवा. खिंडीत बर्फ नाही अजून."

मास्तरांनी कमरेत वाकून नमस्कार केला. गादीमुळे तो अर्धाच झाला. गाडी सुरू झाली, पुलावरून गेली आणि डोंगराच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. खालच्या गल्लीतून पालखीचे ढोल ऐकू येऊ लागले होते. मास्तर मात्र अजून रस्त्याकडेच पाहत होते.

"ताकेनोसान," त्यांनी विचारले, "घर सोडून दुसरीकडे राहायला जाताना शेजाऱ्यांना काय देतात हो?"

ताकेनोबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग पत्रपेटीकडे पाहिले.

"टॉवेलच द्या मास्तर," त्या म्हणाल्या. "मिठाई नका आणू. लोक घाबरतील."