देव्हाऱ्यातल्या रिंगा

आमच्या शेजारच्या आबा निकमांनी एकदा माझ्या कवळीतली फट मोजली. कवळी त्या वेळी तोंडात नव्हती, वाटीत होती, हे आधीच सांगून टाकते. लोक काहीही समजतात.

इतरांच्या खिशात पेन असतं, आबांच्या खिशात फिलर. फिलर म्हणजे फट मोजायच्या, पोलादाच्या पातळ पट्ट्यांची जुडी, चाकूसारखी उघडते नि मिटते. दार असो, कुकरचं झाकण असो नाहीतर माझा फ्रीज, आबा पट्टी सरकवून बघणार आणि मान हलवणार. "फट पाहिजे वहिनी, पण बेताची. जास्त झाली तर गळतं, नसली तर तापल्यावर अडकतं." बोलत असतात इंजिनाबद्दल, पण माझ्या सुनेला वाटतं आम्हा दोघींबद्दलच बोलतात.

प्रेसमधून रिटायर झाल्यापासून आबांना एकच उद्योग आहे. त्यांच्या सासऱ्यांची जुनी उघडी जीप. तिच्याशी माझं वैरही जुनंच. मी लग्न होऊन नाशिक रोडला आले, तेव्हा आबांनी तिचं इंजिन पहिल्यांदा उघडलं होतं. त्यांच्या ओट्यावर तेलकट कागदात काहीतरी गोल, चकचकीत दिसलं. मी बी.ए. झालेली, मला काय विचारायची गरज! म्हटलं, बघा, शेजारी बायकोला बांगड्या आणतात आणि आमच्या ह्यांना कधी सुचत नाही. उचलली, हातात घातली, सैल झाली म्हणून दाबली. काट्! दोन तुकडे. वर घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं की निकमांनी बायकोला नकली माल आणलाय!

ती पिस्टनची रिंग होती. बिडाची.

आबा एवढंच म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. बीड हाय, दाबलं की मोडतं." पण तेव्हापासून रिंगांची पुडी घरात आली की कंपाउंडवरून हाक येते, "वहिनी, बांगड्या आल्यात! हात मागं घ्या!"

यंदा जीप एवढा निळा धूर सोडायला लागली, की ती सुरू झाली की बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या. इंजिन खाली उतरलं. सिलिंडर बोअर करून आले, नवे पिस्टन आले. राहिल्या फक्त रिंगा. आणि तिथे आबा जे अडले ते अडलेच. दुकानातून दोन पुड्या आणल्या होत्या, एक क्रोमच्या रिंगांची, एक साध्या बिडाच्या. दोन्ही देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या उजव्या-डाव्या अंगाला.

"माई, माझ्या देवाला फूल ठेवायला जागा उरली नाही हो," कुसुम माझ्याकडे रडगाणं गाई. कुसुम म्हणजे आबांची बायको. तिला बंद गाडीत उलट्या होतात, म्हणून माहेरी, सायखेड्याला थोरल्या बहिणीकडे जायचं तर हीच जीप. आबा रोज म्हणत, "जीप झाली की निघालोच." आणि रोज सकाळी एक रिंग सिलिंडरमध्ये उतरवत, खालून बॅटरी मारत, वरून एक डोळा मिटून बघत, पुसून परत देवाजवळ ठेवून देत.

एके दिवशी माझा धीर सुटला. "आबा, इंजिन बांधताय की मुली बघताय? दोन्ही स्थळं चांगली आहेत. एकीला हो म्हणा नि मोकळे व्हा!"

आबांनी घरात डोकावून पाहिलं. कुसुमचा मिक्सर सुरू होता. मग हळूच म्हणाले, "क्रोमच्या लय टिकतात वहिनी. पण नीट बसायला वेळ घेतात, तवर गाडी लांब न्यायची नाय. बिडाच्या लगेच बसतात, पण झिजतात बी लवकर."

"मग टिकाऊ घाला की! जन्मभर तेच करत आलात."

"हिच्या गळ्यापाशी गाठ हाय. तपासायला दिलीय. हिला म्हणतो, चरबीची असंल." फिलरची पट्टी उघडली, मिटली. "वाईट निघालं तर गाडी लगेच पाहिजे. टिकवून काय करू मग?"

मिक्सर थांबला. आबा एकदम मोठ्यानं म्हणाले, "फट जरा जास्तच वाटती!"

शेवटचा शब्द आबांनाच ठेवून मी घरी निघाले. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

डॉक्टरांकडे मीही गेले. रिक्षात कुसुम कडेला, वारा खात. मध्ये मी. पलीकडे आबा, फिलर उघडत-मिटत. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे. काळजीचं काहीच नाही." कुसुमनं विचारलं, लोणचं खाल्लं तर चालेल का. डॉक्टरांच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा होता. आबा त्याच्या फटीत पट्टी घालून बघत बसले.

घरी आल्यावर हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे उभे राहिले आणि क्रोमची पुडी उचलली.

"अहो, त्या कशाला?" कुसुम कडाडली. "त्यांना बसायला वेळ लागतो, असं पुड्या आणल्या तेव्हा म्हणालात ना तुम्हीच? मग मी ताईकडे जायचं कधी?"

"जाऊ की सावकाश. घाई काय हाय?"

"बघितलंत माई? ह्यांना माझी काही पडलेलीच नाही!"

मी पदराआड खोकल्याचं नाटक केलं. आबांनी दुसरी पुडी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"वहिनी, ह्या तुम्हाला. घाला हातात. आता खुशाल दाबा."

मी एक रिंग काढली, मनगटात घातली. सैल होती. दाबली. काट्!

"अहो माई, नव्या कोऱ्या आहेत त्या!" कुसुम ओरडली.

"आणखी एक घ्या," आबा म्हणाले.