दूधदात वाहिनीवरची शांतता

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना पिल्लं होती आणि कुणालाच वेळ नव्हता.

हरणांना चरायचं असे. वाघांना हरणांच्या मागे जायचं असे. माकडांना काहीच काम नसे, पण तीही घाईत असत. शेवटी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं की ज्या पिल्लांचे दुधाचे दात अजून पडले नाहीत, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र टीव्ही वाहिनी काढावी. तिचं नाव दूधदात वाहिनी. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. मोठ्यांना गरज पडली की वीज येते.

वाहिनीचा कारभार तरसाकडे दिला, कारण त्याचा चेहरा हसरा होता. तरसाचा चेहरा उपाशी असतानाही हसराच असतो, पण हे महाराजांच्या लक्षात आलं नाही. कार्यक्रमासाठी साळू मिळाली. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. तिच्या मांडीवर कुणाच्याच पिल्लाला बसता येत नसे, त्यामुळे टीव्हीत बसायला ती अगदी योग्य आहे, असं निवड समितीचं मत पडलं.

साळूचं स्वतःचं पिल्लू आदल्या पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं तेव्हा गेलं होतं. त्याबद्दल ती बोलत नसे. आपणही नको बोलायला.

कार्यक्रम साधा होता. साळू समोर काहीतरी ठेवायची. पळसाचं फूल, मोराचं पीस, एखादा गोल दगड. मग विचारायची, "हे काय आहे, सांगा बघू?" आणि गप्प बसायची.

गप्प म्हणजे चांगलीच गप्प. साळिंदरांची बिळं लांब असतात. आई तोंडाशी उभी राहून काही विचारते, तो प्रश्न वळणं घेत आत जातो आणि पिल्लाचं उत्तर वळणं घेत बाहेर येतं. तोवर आईनं थांबायचं असतं. मध्येच बोललं तर दोन्ही आवाज वाटेत एकमेकांवर आपटतात. साळूला तेवढं थांबायची सवय होती. टीव्हीत वळणं नसतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्या वेळात जंगलभर पिल्लं ओरडून उत्तर द्यायची. अस्वलाचं पिल्लू गोल दगडाला दर वेळी "लाडू" म्हणायचं. मग साळू मान हलवून म्हणायची, "बरोबर." अस्वलाचं पिल्लू खूश. शेवटी ती सांगायची, "आता बंद करा आणि झोपा." आणि वाहिनी खरंच बंद व्हायची. तुमचा विश्वास बसणार नाही, पण अशीही एक वाहिनी होती.

पहिली तक्रार सांबरीण घेऊन आली.

"तुमची ती बाई मध्येच गप्प बसते," ती तरसाला म्हणाली. "ती गप्प बसली की आमचं पाडस उठून माझ्याकडे येतं."

"कशाला?"

"उत्तर सांगायला. मग मला 'हो का रे' म्हणावं लागतं. दिवसभर 'हो का रे'. मी चरू कधी?"

मागोमाग माकडीण आली, लांडगीण आली. दुखणं सगळ्यांचं तेच. पिल्लं बोलायला येतात.

तरसानं साळूला बोलावून घेतलं.

"या साळूबाई, बसा. म्हणजे, जरा लांब बसा. तुम्ही प्रश्न विचारता, त्याच्यापुढे ही रिकामी जागा कशासाठी?"

"पिल्लं तेव्हा उत्तर देतात, साहेब."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

"त्यांना ऐकू येतं. आपलं आपल्याला."

तरस हसला. ते हसणं नव्हतं, तो चेहराच होता, हे मघाशी सांगितलंच.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या जागेत मोहाच्या सरबताची जाहिरात बसली. पिल्लं पडदा चाटू लागली. मग तरसानं सातभाईंना नोकरीवर घेतलं. हे पक्षी नेहमी घोळक्यानं राहतात आणि सगळे एकदम बोलतात. साळूनं "हे काय?" म्हणायचा अवकाश, सातभाई कलकलाट करत, "फूल, फूल, फूल, लाल फूल." पुढे "आता झोपा" हे वाक्यही कापलं. झोपलेलं पिल्लू जाहिरात बघत नाही, एवढी साधी गोष्ट इतके दिवस कुणाला सुचली नव्हती.

आया सुखी झाल्या. वाहिनीला महाराजांच्या हस्ते ढाल मिळाली.

एकदा साळू शेजारच्या सशिणीकडे गेली. ससुला पडद्यासमोर बसला होता.

"ये ताई," सशीण म्हणाली. "बघ कसा गुणी झालाय. हूं की चूं नाही."

साळूनं त्याला विचारलं, "काय रे, तुझं नाव काय?"

ससुल्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तो पडद्याकडे बघू लागला. सातभाई आता सांगतील, म्हणून वाट बघत राहिला.

साळू चहा न घेता घरी गेली.

थोड्याच दिवसांत वाहिनीचा वर्धापनदिन आला. कार्यक्रम थेट होता. दरबारात महाराज छाव्याला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसले होते. इकडे वाहिनीच्या गुहेत तरस कोपऱ्यात उभा होता. सातभाई दाराबाहेर गळा साफ करत होते, त्यांना प्रश्नाच्या वेळी आत यायचं होतं.

साळू आज खुर्चीवर बसली नाही. ती सरळ दारात जाऊन बसली, कॅमेऱ्याकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून, आणि तिनं काटे उभे केले. साळूनं दार अडवलं की वेगळं कुलूप लावावं लागत नाही.

"बाळांनो," ती म्हणाली, "आज सकाळी तुम्ही काय पाहिलंत?"

आणि गप्प बसली.

तरसानं पंजा हलवला. मग दोन्ही पंजे हलवले. साळू समोर बघत राहिली. बाहेरचे सातभाईही गोंधळून गप्प झाले, कारण याचं उत्तर त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जंगलातल्या सगळ्या पिल्लांनी वाट पाहिली. कुणीच सांगेना. मग त्यांनी हळूहळू माना वळवल्या.

"आई," ससुला म्हणाला, "आज एक मुंगी दुसऱ्या मुंगीला ओढत नेत होती. ती दुसरी हलत नव्हती. तिला कुठे नेलं?"

सशीण बाहेर निघाली होती. तिला खाली बसावं लागलं.

मग एकेक सुरू झालं. उघड्या दारातून ते साळूच्या पाठीमागे ऐकू येऊ लागलं. आधी एक बारीक आवाज, मग दुसरा, मग मोजता येईनात इतके. तिनं इतके दिवस विचारलं होतं. उत्तरं ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती उठली नाही.

आता पिल्लांनी सकाळी जे पाहिलं होतं, ते सगळंच सांगण्यासारखं नव्हतं. माकडाच्या पिल्लानं बाबांनी अस्वलाचा मध कुठे लपवला ते अस्वलासमोर सांगितलं. आणि भर दरबारात छावा म्हणाला, "मी बाबांना पाहिलं. रानडुक्कर जाईपर्यंत बाबा करवंदीच्या जाळीमागे डोळे मिटून उभे होते."

महाराजांनी छाव्याला मांडीवरून खाली ठेवलं.

संध्याकाळी नवं फर्मान निघालं. पिल्लांना प्रश्न विचारायचा झाल्यास तो उत्तरासकट विचारावा. साळूचा रीतसर सत्कार करून तिला काढून टाकलं. पांघरलेल्या शालीची लगेच चाळण झाली, त्यामुळे ती परतही मागता आली नाही.

पुढे तरसानं वाहिनीचा इतिहास लिहून घेतला. त्यात साळूचं नाव कुठेच नाही. वर्धापनदिनाबद्दल एवढंच आहे: तांत्रिक बिघाड. तत्परतेनं दूर करण्यात आला.

तात्पर्य: लहान मुलांना प्रश्न जरूर विचारावेत. मात्र विचारून झाल्यावर गप्प बसू नये. ती उत्तर देतात.