कुरुंदवाडचा हॅकर

"डायरी, फायली, फोन नंबरची वही, सगळं पंचगंगेत सोडून दिलं तरी आता चालतंय!" वर्धमान मगदूमनं नवा फोन असा वर धरला, जणू कुस्तीच्या मैदानात गदाच जिंकून आलाय. "ऑफिसची मेल ह्यात, मीटिंगा ह्यात, लोकांचे नंबर ह्यात. वायर न्हाय, काय न्हाय. सगळं हवेतनं येतंय!"

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, वर्धमान माल पाठवण्याचं खातं बघायचा. सोळा वर्षं त्यानं जाडजूड डायरी काखेत मारून काढली होती. त्यामुळं आज चहाला जमलेल्या सगळ्यांना त्याची काख रिकामी बघून चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

"सर, हे अकाउंट आधी जुन्या फोनवर होतं ना?" कॉम्प्युटर बघणाऱ्या नुजहतनं विचारलं. "तिथनं काढलंय न्हवं?"

"व्हय की! मला काय कळत न्हाय व्हय?"

काढलं नव्हतं. जुना फोन त्यानं आठवड्यापूर्वीच कुरुंदवाडला सासूबाईंना देऊन टाकला होता. आत नातवंडांचे फोटो होते, म्हणून काही न पुसता तसाच दिला. आणि सासूबाईंच्या फोनचा फौंड्रीशी काय संबंध?

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी संयोगिता मॅडमनी, म्हणजे खुद्द मालकिणीनं, त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मगदूम, ह्या आठवड्यात मी संध्याकाळी सहाच्या तीन मीटिंग लावल्या. तुम्ही तिन्ही नाकारल्यात!"

"मी? न्हाई मॅडम!"

"हे बघा. 'वर्धमान मगदूम, येणार नाही.' तीनदा! आणि तिसरीच्या खाली लिहिलंय, 'जेवणाची वेळ हाय. दिवस मावळायच्या आत जेवावं.'"

वर्धमानच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत होती, हे खरं. पण ती मॅडमना कळवण्याची त्याची छाती सोळा वर्षांत झाली नव्हती! फोनचंच काहीतरी बिघडलं असेल, असं पुटपुटत तो बाहेर आला.

बाहेर येऊन भंगारवाल्याला फोन लावायला गेला, तर नंबर गायब! ट्रान्सपोर्टवाला गायब. वाळूवाला गायब. सकाळी दोनशेवर नंबर होते, आता मोजून पंधरा उरले होते. त्यांतले चौदा सासुरवाडीचे! पंधरावा मॅडमचा. पण त्याचं नाव झालं होतं 'जावयाची मालकीण'.

वर्धमान तडक नुजहतच्या टेबलाकडं पळाला.

"नुजहत, हॅकर शिरला गं!" तो ओरडला. "बाहेरच्या देशातला असणार! माझं सगळं लुटलं!"

बातमी साचे भरायच्या मोल्डिंग शॉपपर्यंत पोचायला पाच मिनिटं पुरली. दहाव्या मिनिटाला पिराजी ड्रायव्हर धावत आला आणि स्वतःचा साधा बटणांचा फोन बंद करून खिशात लपवला. कुणाचा काय भरवसा!

नुजहतनं शांतपणे कॉम्प्युटर उघडला. तिला हॅकरची भीती वाटत नव्हती. तिला मॅनेजर लोकांची वाटायची.

"सर, तुमचं अकाउंट दोन फोनवर चालू हाय. एक इथं शिरोलीत. दुसरा..." तिनं स्क्रीनवरचा नकाशा मोठा केला. "दुसरा कुरुंदवाडात."

"कुरुंदवाडात हॅकर?" पिराजी म्हणाला. "आमच्या मावशीच्या गावात?"

"आणि सर, त्या फोनवरनं मेलबी गेल्यात. काल दुपारी एक गेलीया. पुण्याच्या पेंडसे साहेबांना."

पेंडसे साहेबांचं नाव ऐकताच वर्धमान खुर्चीत बसला. खरं तर पडला. पेंडसे म्हणजे फौंड्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पंपाचे सुटे भाग तीन आठवडे उशिरा चालले होते आणि वर्धमान दर दोन दिवसांनी 'आपला माल लवकरच निघत आहे' अशा गुळगुळीत इंग्रजीत त्यांना थोपवत होता. काल पेंडशांनी शेवटचं विचारलं होतं: माल कधी? शनिवारी मिळणार नसेल तर ऑर्डर रद्द!

"वाच," तो कसाबसा म्हणाला.

नुजहत वाचू लागली. मेल मराठीत होती, आणि बोलून टाइप केल्यामुळं तिच्यात एकही पूर्णविराम नव्हता.

"'नमस्कार साहेब माल निघाल्याला न्हाई निघत आहे म्हंत्यात ते खोटं हाय भट्टी सोमवारी बिघडल्या तिचं सामान अजून आल्यालं न्हाई शनवारी काय व्हत न्हाय मंगळवारी घ्या आणि मागच्या खेपंला तुमच्या गेटवर आमच्या पिराजीला चार तास उनात हुबा केलासा पाणीसुदीक विचारलं न्हाई ह्ये बरं न्हवं आमचा जावई गरीब हाय त्याला बोलाय येत न्हाई म्हणून मी बोलालोय सीताबाई'"

पिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यो हॅकर लै चांगला माणूस हाय," तो म्हणाला.

वर्धमाननं सासूबाईंचा नंबर लावला. उरलेल्यांत तो पहिलाच होता.

"बोला पावणं!" सीताबाईंचा आवाज इतका खणखणीत की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. नवरा गेल्यावर दहा वर्षं शेत एकटीनं बघितलं होतं. हळू बोलायची वेळच आली नव्हती.

"मामी, माझ्या ऑफिसची पत्रं तुम्ही वाचालाय व्हय?" सासूबाईंना तो मामीच म्हणायचा.

"मग? तुम्हीच दिलासा की फोन! दर घटकंला टिंग टिंग वाजतंय. दारात माणूस आल्यावर बोलाय नको? इंग्रजी असलं की खाली 'भाषांतर करा' म्हणून येतंय, ते दाबतो. भट्टीचं, पिराजीचं, समदं त्यातनंच कळलं."

"आणि नंबर का पुसले?"

"कोण ती शंभर माणसं माझ्या फोनात! वळख न्हाई, पाळख न्हाई!"

"मामी, अवो ते माझं..." तो रागानं बोलायला गेला. तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम खाली आला. पहिल्यांदाच.

"मला वाटलं, जावयानं आठवणीनं काम दिलं. दिवसभर घरात बसून काय करायचं? आठवडाभर लै बरं गेलं बघा. चुकलं व्हय माझं?"

सगळं ऑफिस वर्धमानकडं बघत होतं आणि 'चुकलं' म्हणायची कुणाचीच इच्छा दिसत नव्हती.

"न्हाई मामी," तो म्हणाला. "चुकलं न्हाई."

एवढ्यात केबिनचं दार उघडलं. संयोगिता मॅडम! हातात फोन, चेहरा दगडासारखा.

"मगदूम, पेंडशांची मेल आलीय. मलाही पाठवलीय."

वर्धमानला दीपाचा, म्हणजे बायकोचा चेहरा दिसला. नोकरी कुणामुळं गेली, हे तिला कसं सांगायचं? तुझ्या आईमुळं? मग घर पण गेलं!

मॅडम वाचू लागल्या. "'वीस वर्षं खरेदीत आहे. माल तयार नाही असं सरळ सांगणारं पहिलं पत्र आज मिळालं. मंगळवार चालेल. ड्रायव्हरना गेटवर झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, तिथं आज पाण्याची सोय केली आहे. सीताबाईंना नमस्कार.'" त्यांनी मान वर केली. "ह्या सीताबाई कोण? मी कधी नेमल्या?"

"सल्लागार हायत, मॅडम," नुजहत म्हणाली. "कुरुंदवाड शाखेच्या."

मॅडमना सगळं सांगावंच लागलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली.

त्या दुपारी नुजहतनं कुरुंदवाडच्या फोनवरचं अकाउंट काढलं आणि पुसलेले नंबर परत आणले. नातवंडांचे फोटो राहिले. भट्टी रविवारी सुरू झाली, आणि मंगळवारी पिराजी भाग घेऊन पुण्याला निघाला. वर्धमाननं मोकळा श्वास घेतला आणि जुन्या सवयीनं इंग्रजीत एक सुबक मेल लिहिली: आपला माल मार्गस्थ होत असून आपल्या सहकार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, वगैरे वगैरे.

दोन मिनिटांत पेंडशांचं उत्तर आलं. मराठीत, एका ओळीचं.

'हे सीताबाईंना दाखवलंत का?'

वर्धमाननं इकडं तिकडं बघितलं. कुणी बघत नव्हतं. मग तो जिन्याखाली गेला, कुरुंदवाडला फोन लावला आणि आपली मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत, मराठीत करून, वाचून दाखवली.

"पावणं," सीताबाई म्हणाल्या, "गाडी निघाल्या का न्हाई, एवढंच ल्हिवा की! घ्या कागद. मी सांगतो."

आणि वर्धमान मगदूमनं खिशातनं मुकाट्यानं पेन काढलं.