सातवा चाकू आणि सावर्ड्याचं स्थळ

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात चाकू बनवणारा दुसरा माणूस नसेल तर तो आपण तयार करू, पण एकटे राहणार नाही, असं विनोदरावांनी जेवता जेवता जाहीर केलं. मुंबईची नोकरी संपवून चिपळूणजवळच्या गावी परतल्यापासून त्यांना हा नाद लागला होता. मोबाइलवर बघून त्यांनी पडवीत भट्टी मांडली आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून सात चाकू घडवले. सातवा दिसायला इतका देखणा, की त्यांची बायको मनस्वी मोठ्या मनाने त्याने सुरण कापायला बसली. चाकू सुरणात सरळ शिरला आणि वाकून बाहेर आला!

मनस्वीने तिथल्या तिथे निकाल दिला. शिमग्यापर्यंत कोणी जाणकार सोबती मिळाला तर ठीक, नाहीतर भट्टी मोडायची आणि पडवीत आंब्याच्या पेट्या रचायच्या. विनोदरावांचा चेहरा पडला. दिवसभर घण घालून संध्याकाळी "आज काय चुकलं" एवढं बोलायलाही कोणी नाही, हे त्यांना आधीच खात होतं. त्यात भट्टीही गेली तर उरलं काय?

पहिला प्रयत्न त्यांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केला. जवळपास कोणी चाकू बनवत असेल तर कळवावे, मलाही सामील व्हायचे आहे, असा साधा निरोप टाकला. तासाभरात पोलीस पाटील चहाला आले आणि तिसरा कप संपेपर्यंत उठले नाहीत. तेव्हापासून विनोदरावांनी कानाला खडा लावला. यापुढे विचारायचं ते आडून.

धागा सापडला चिपळूणच्या मासळी बाजारात. हफीजाबी सुरमईचे तुकडे पाडत होती आणि विनोदराव सुरमई सोडून कोयत्याकडेच बघत होते. सावर्ड्याच्या केरूने केलेला आहे, बारा वर्षं झाली, अजून तक्रार नाही, असं तिने सांगितलं. विनोदराव आनंदाच्या भरात सुरमई तिथेच विसरून घरी आले.

रविवारी ते सावर्ड्याला निघाले. गाडी चालवायला ओमकार, म्हणजे त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. मुंबईला बँकेत असतो, दोन दिवस रजेवर आला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून केळी आणि नारळ घेतले. सातवा चाकू ठोकून सरळ केला आणि मनस्वीच्या कोऱ्या लाल ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला.

नाक्यावर भागोजीची चहाची टपरी होती. विनोदरावांनी आडून विचारायला सुरुवात केली. केरू स्वभावाने कसा आहे? घरात कोण कोण? दारूबिरू? विस्तवाशी खेळ असल्यामुळे हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "माणसं सांभाळून घेणारी आहेत ना? आम्हाला कायमचे संबंध जोडायचेत."

भागोजीने गाडीकडे पाहिलं. कडक इस्त्रीतला तरुण, मागच्या सीटवर केळी, नारळ आणि लाल कापड. त्याने विनोदरावांचं गाव, आडनाव विचारून घेतलं आणि केरूशी लांबचं नातंच लावून दिलं. मग आणखी एकेक चहा आग्रहाने समोर ठेवून फोन घेऊन टपरीमागे गेला.

केरूच्या अंगणात ताजा सडा होता. खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर टोपी घातलेले दोन म्हातारे, पाय धुवायला पाणी. कारागिराला कारागिराची केवढी ही कदर, म्हणून विनोदरावांना भरूनच आलं. केरूची बहीण गोदाआत्या ओमकारला पगार विचारत होती. तिने त्याच्या आईचा नंबरही लिहून घेतला. तिला बँकेत खातं उघडायचं असेल, असं विनोदरावांना वाटलं.

तेवढ्यात केरूची मुलगी सानिका साडी नेसून, नजर खाली ठेवून पोहे घेऊन आली.

विनोदरावांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. आता खरं सांगावं तर भरल्या अंगणात पोरीचा अपमान, न सांगावं तर साखरपुडा! ओमकार मात्र पोह्यांवर लिंबू मागत होता. गोदाआत्याने लाल कापड उचललं, मुलीसाठी काय आणलंय ते बघू तरी म्हणाली आणि उलगडलं.

चाकू बघून एका म्हाताऱ्याने खुर्ची मागे सरकवली. विनोदराव उठले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलो. मी स्थळ घेऊन आलो नाही. मला चाकू जमत नाही, तेवढं विचारायला आलोय."

केरू रागावेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने नुसतं मुलीकडे पाहिलं. त्याला विस्तवाचा रंग नीट दिसत नव्हता आणि पाच वर्षं भट्टी तीच सांभाळत होती. सानिकाने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, चाकू उचलून टोक खुर्चीच्या हातावर दाबलं. ते वाकलं.

"लोखंड चांगलं हाय, काका. पन पुरतं तापलंच नव्हतं. त्याला चुंबक चिकटायचा थांबला, की मग तेलात बुडवायचं."

काय चुकलं ते त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं होतं. विनोदरावांचे डोळे भरून आले. सानिकाने पदर खोचला आणि दोघं परसातल्या भट्टीकडे गेले ते तीन तास परत आलेच नाहीत. ओमकारने तेवढ्यात दोनदा पोहे खाल्ले.

संध्याकाळी बापलेक घरी पोचले तेव्हा मनस्वी फोन कानाला लावून उभी होती. पलीकडे गोदाआत्या होती. आपण मुलाचं लग्न काढलंय हे मनस्वीला त्याच फोनवर कळलं, आणि ते मोडल्याचंही. तिने मुकाट्याने फोन स्पीकरवर टाकला.

"मुलगा चांगला हाय वो," गोदाआत्या सांगत होती, "पन सानिका नको म्हनते. बापूस मात्र तिला पसंत हाय. दर रविवारी पाठवा."

मनस्वीने फोन बंद केला आणि नवऱ्याकडे वळली. विनोदराव जरा घुटमळले.

"किती वाजता यायचं, ते विचारलंस का?"